अडलेला कागद आणि अनोळखी फोन: माजी सैनिकांची पेन्शन, सवलती आणि फसवणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील १९९६ मध्ये तोफखान्यातून हवालदार हुद्द्यावर निवृत्त झाले, आता ते पंचाहत्तरीला आले असून आईसह कराड तालुक्यातील गावी राहतात. गेल्या आठवड्यात त्यांना ‘स्पर्श कार्यालयातून बोलतो’ असा फोन आला; स्पर्श ही सैन्यदलांच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आहे. हयातीचा दाखला नाकारला गेला आहे, त्यामुळे वन रँक वन पेन्शनची (सारखा हुद्दा व सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, या योजनेची) दीड लाखाची थकबाकी अडकली आहे, साडेचार हजार रुपये भरले की चोवीस तासांत रक्कम खात्यात पडेल, असे सांगून समोरच्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) व आधार कार्ड यांचे फोटो मागवून घेतले. वडिलांनी फोटो पाठवले; पैसे अजून भरलेले नाहीत. लेकीने विचारले आहे की हे खरे असू शकते काय, आणि वडिलांना, त्यांच्या पश्चात आईला, तसेच पुढील वर्षी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त होणाऱ्या भावाला नेमके काय मिळायला हवे.

फोन खोटा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. बाकीचे उत्तर लांब आहे.

मी लष्करात क्लार्क होतो, त्यातील काही वर्षे रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, गेली, आणि निवृत्तीनंतर गेली चौदा वर्षे आमच्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी माजी सैनिकांचे व सैनिक विधवांचे कागद पाहून देण्याचे काम विनामूल्य करतो. या काळात फसवणूक होऊन जी माणसे माझ्यासमोर येऊन बसली, त्यांत भोळी किंवा अडाणी म्हणावीत अशी फारच थोडी होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला हिशेबात चुकू दिले नाही असे सुभेदार मेजर त्यांत होते. सर्वांमध्ये समान गोष्ट एकच आढळली: प्रत्येकाचे काही ना काही काम कोठेतरी अडून पडले होते, ते कोणत्या दारात न्यायचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ठगाने नेमके त्या अडलेल्या कामाचे नाव घेऊन फोन केला होता. म्हणून हक्क कोणते आणि फसवणूक कशी टाळावी, हे मी दोन वेगळे विषय मानत नाही. ज्याचा कागद पूर्ण आहे त्याला ‘तुमचे काम अडले आहे’ हे वाक्य ऐकवून काही उपयोग होत नाही.

आधी आजच करावयाच्या गोष्टी सांगतो. वडिलांनी ती फाइल नुसती पाहिली की तिच्यावर टिचकी मारून ती फोनमध्ये बसवली, हे त्यांना न रागावता विचारावे. रागावले की वडीलधारी माणसे निम्मी हकिगत गिळून टाकतात आणि मग उपाय चुकतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतील आणि ती बसवली गेली असेल, तर त्या फोनवर येणारे संदेश व ओटीपी दुसरीकडे वाचले जात आहेत असे धरून चालावे. फोनचे इंटरनेट बंद करून सिम काढावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेटबँकिंग व डेबिट कार्ड थांबवावे, आणि नंतर जाणकाराकडून फोन पूर्ण पुसून घ्यावा. नुसती फाइल काढून टाकल्याने भागत नाही. खात्यातून एक रुपयाही गेलेला दिसला तर कोणाचाही सल्ला घेण्यात वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यात फिरत असते आणि ती मध्येच गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच. ‘उद्या मुलगा येईल मग बघू’ या एका वाक्याने आमच्या भागात किती रकमा बुडाल्या, ते मी जवळून पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार येत नाही. मात्र ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्यावरच राहते. म्हणजे दोन्ही परिस्थितींत लवकर कळवण्यातच हित आहे, आणि कळवल्याची तक्रार-पावती लेखी घ्यावी.

आधारचा फोटो गेला आहे, त्यामुळे आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून वडिलांचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. बोटाच्या ठशावर खात्यातून पैसे काढण्याची सोय खेड्यापाड्यांत सर्रास वापरली जाते आणि तिचा गैरवापरही होतो. लॉक केल्यावर तो मार्ग बंद होतो. फक्त हयातीचा दाखला करण्याच्या दिवशी ते लॉक उघडावे लागते, नाहीतर दाखला होत नाही आणि मग ठगाने सांगितलेले वाक्य आपणच खरे करून ठेवतो. त्यानंतर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर वडिलांच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तपासावे आणि फोन आलेला क्रमांक तेथील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवावा. शेवटी स्पर्श पोर्टलवर जाऊन संकेतशब्द बदलावा आणि नोंदलेला बँक खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक वडिलांचाच आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

‘पण त्या माणसाला त्यांचा आर्मी नंबर, निवृत्तीची तारीख, पत्नीचे नाव सगळे ठाऊक होते,’ असे आपण लिहिले आहे. हा पुरावा मुळीच नव्हे. पलटणीच्या व्हॉट्सॲप गटांवर आपलीच माणसे ‘माझी पेन्शन बरोबर आहे का’ म्हणून अख्ख्या पीपीओचे फोटो टाकतात, झेरॉक्सच्या दुकानात प्रती पडून असतात, आणि निवृत्तांच्या याद्या हातोहात फिरतात. ज्याला माहिती आहे तो कार्यालयातला, हे समीकरण वडिलांच्या काळी बरोबर होते, आज नाही.

आता थकबाकीच्या आमिषाकडे वळू. वन रँक वन पेन्शनचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला, तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला, आणि दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरवायची असल्याने पुढच्या फेरी १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून धरल्या गेल्या. यांतील कोणत्याही फेरीसाठी पेन्शनधारकाने अर्ज करावयाचा नसतो. हुद्दा, गट (कामाच्या प्रकारानुसार लष्करात ठरलेला) आणि पात्र सेवा (पेन्शनसाठी मोजली जाणारी वर्षे) या तीन गोष्टींवरून तक्त्यात आकडा असतो, तो लावला जातो आणि फरक खात्यात येतो. २०१९ च्या फेरीची थकबाकी लांबली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तारखा बांधून दिल्या होत्या: कुटुंब पेन्शनधारक व शौर्यपदकविजेते यांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत, सत्तरीपुढच्यांना ३० जून २०२३ पर्यंत, उरलेल्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. तेव्हा ‘फी भरल्याशिवाय थकबाकी सुटत नाही’ असा टप्पा या प्रक्रियेत कोठेच बसत नाही. खरोखर कमी रक्कम मिळत असेल तर कारण जवळजवळ नेहमी त्या तीन नोंदींपैकी एक चुकलेली असणे हेच असते. जुन्या पीपीओवरून माहिती संगणकात चढवताना कोणाची पात्र सेवा चोवीसची बावीस झाली, कोणाचा गट बदलला. म्हणून वडिलांचे डिस्चार्ज बुक (निवृत्तीवेळी मिळणारे सेवानोंदींचे पुस्तक) आणि स्पर्शवरील माहिती शेजारी ठेवून या तीन नोंदी ताडून पाहाव्यात.

पेन्शन स्लिपही वाचायला शिकावी. ती महिन्याला पोर्टलवर मिळते आणि फार अवघड नाही. मूळ पेन्शन, तिच्यावरील महागाई मदत, आणि कम्युटेशनची वजावट, या तीन ओळींवर लक्ष ठेवावे. महागाई मदत जानेवारी व जुलैपासून वाढते. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असतात, तो भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. वडिलांच्या बाबतीत तो २०११ च्या सुमारास सुरू झालेला असायला हवा. आजही स्लिपवर वजावट दिसत असेल तर ती चूक आहे आणि तिची तक्रार पोर्टलवरून फुकट करता येते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के होते. ही वाढही आपोआप लागायची असते; लागत नाही ती जन्मतारखेची नोंद नसते तेव्हा, आणि हा घोटाळा पुरुषांपेक्षा विधवांच्या बाबतीत फार अधिक आढळतो. त्याकडे पुढे येतोच.

हयातीचा दाखला हे ठगांचे सर्वांत आवडते निमित्त आहे, कारण तो राहिला तर पेन्शन खरोखरच थांबते. बहुतेकांनी तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि ऐंशीपुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आपले सरकार किंवा सीएससी केंद्र, बँकेतील वा डाकघरातील सेवा, पोस्टमन घरी येऊन करतो ती सेवा, किंवा घरच्या घरी मोबाइलवर चेहरा दाखवून, असे अनेक मार्ग आहेत. फोनवर कोणाला ओटीपी सांगून मात्र तो होत नाही, आणि पेन्शन कार्यालय त्यासाठी फोन करून दुवा पाठवत नाही. येथे प्रत्यक्षात वारंवार होणारी चूक सांगतो. केंद्रावरील मुलगा पेन्शन देणारी संस्था म्हणून वडिलांची जुनी बँक निवडतो, कारण पूर्वी तसेच असायचे. पेन्शन स्पर्शमध्ये गेल्यावर तेथे ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स’ हा पर्याय निवडावा लागतो आणि पीपीओ क्रमांकही स्पर्शचा नवा द्यावा लागतो. तेथेच पेन्शन मंजूर करणारे कार्यालयही निवडायचे असते; पलटणीतल्या माणसाला ते प्रयागराजचे, नौदलातल्याला मुंबईचे आणि हवाई दलातल्याला दिल्लीच्या सुब्रतो पार्कचे असते. पर्याय चुकला तरी दाखल्याचा प्रमाण क्रमांक छापून येतो, माणूस निर्धास्त घरी जातो आणि दोन महिन्यांनी पेन्शन थांबते. नेमक्या त्याच वेळी आलेला खोटा फोन मग खरा वाटतो. प्रमाण क्रमांक मिळाल्यावर आठ-दहा दिवसांनी पोर्टलवर दाखला स्वीकारला गेला की नाही, एवढे पाहून घेतले तर हा सगळा प्रसंगच उद्भवत नाही. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत त्यांनी ठशांचा हट्ट न धरता चेहऱ्याची पद्धत वापरावी. तीही जमली नाही तर कागदी दाखल्याची सोय अजून आहे.

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात, कंसात लिहिली आहे: ‘आईचे नाव पीपीओत वेगळे आहे.’ माझ्या मते सगळे बाजूला ठेवून पहिला अर्ज याचाच करावा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. विमलची लक्ष्मी झाली, पलटणीत नोंद झाली ती लग्नाच्या वर्षी सासरच्या नावाने, आणि पुढे शाळेच्या दाखल्यावरून आधार निघाले ते माहेरच्या नावाने. जन्मतारीख तर अनेकींची ‘१ जून’ आहे, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. काहींची पलटणीत नोंदलेलीच नाही. पती जिवंत असताना ही दुरुस्ती त्यांच्या सहीने, संबंधित रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते. पतीच्या निधनानंतर तीच विधवेला ‘लक्ष्मी ती मीच’ हे सिद्ध करण्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लावते, त्या काळात कुटुंब पेन्शन सुरू होत नाही, आणि मग ‘पाच हजारांत नाव दुरुस्त करून देतो’ म्हणणारा दारात येतो. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आधार, विवाहाचा पुरावा, दोघांचे एकत्रित छायाचित्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा नमुना मिळतो, आणि त्यांच्या शिक्क्यानिशी गेलेला अर्ज पुढे लवकर सरकतो असा माझा अनुभव आहे.

आईला पुढे काय मिळेल तेही सांगून ठेवतो, कारण घरात हे बोलणे अशुभ मानून टाळले जाते. निवृत्त सैनिकाच्या मृत्यूनंतर साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. निधन वयाच्या ६७ वर्षांच्या आत झाले तर सात वर्षे किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी येईल तितका काळ वाढीव दर मिळतो; वडिलांचे वय त्यापुढे असल्याने आईला साधा दर लागेल. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पेन्शन दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते आणि महागाई मदत वेगळी. निधनाची नोंद स्पर्शवर मृत्यूच्या दाखल्यासह करावी लागते. ती लांबवून जुन्या खात्यातून पेन्शन काढत राहणे हा गुन्हा आहे आणि ती रक्कम पुढे वसूल होते. दुःखात घरच्यांना हे सुचत नाही, म्हणून लिहिले.

पेन्शन नाकारली गेली, किंवा अपंगत्वाचा भाग मिळाला नाही, अशा प्रकरणांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. या क्षेत्रातील दलालांबद्दल थोडे कडक लिहितो. ‘आधी एक पैसा नको, निकालानंतर थकबाकीच्या वीस टक्के द्या’ असे सांगून गावोगाव सह्या गोळा करणारे लोक फिरतात आणि सोबत वकिलाचे नाव सांगतात. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मनाई आहे, त्यामुळे हा प्रस्ताव ऐकताच उठून यावे. ते वीस वर्षांच्या थकबाकीचे आकडेही लिहून देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निर्णयानंतर उशिरा मागितलेल्या पेन्शनची थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. फुकट कायदेशीर मदतीची सोय आता जवळ आली आहे: राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांमध्ये विधी सेवा केंद्रे चालवण्याची तरतूद आहे. दलालाला वीस टक्के देण्याआधी तेथे एकदा विचारून पाहायला काय हरकत आहे?

वैद्यकीय सोयीविषयी आपल्याला बहुतेक माहिती आहे असे दिसते, म्हणून मोजकेच लिहितो. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि पेन्शनधारक, त्याची पत्नी व पात्र अवलंबित तिच्यात येतात. नेहमीच्या उपचारासाठी योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून (दवाखान्यातून) रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, घेऊन संलग्न रुग्णालयात जावे. तातडीच्या प्रसंगी रेफरल लागत नाही. रुग्णालय संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, आणि बिले नाकारली जातात ती बहुधा ही खबर न दिल्यामुळेच. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचे लग्न झाले की तो अवलंबित राहत नाही. त्याचे कार्ड वापरत राहिल्यास सगळ्या कुटुंबाची सोय धोक्यात येते. ‘तुमचे ईसीएचएस कार्ड आज रात्री बंद होणार’ असा संदेश आला तर पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर जाऊन विचारावे.

सवलतींच्या बाबतीत आमच्या लोकांचा खरा तोटा ठगांपेक्षा अज्ञानामुळे जास्त होतो. महाराष्ट्रात माजी सैनिक व सैनिक विधवा यांच्या एका घराची घरपट्टी २०२० पासून माफ आहे, ग्रामपंचायत हद्दीतसुद्धा. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि अनेक ग्रामपंचायती दरवर्षी बिल पाठवतात व आमची शिस्तीची माणसे मुकाट्याने भरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा व पोच घ्यावी. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदार व त्याखालील हुद्द्यांसाठी मिळणाऱ्या अनुदानांचे दर १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी दुप्पट झाले आहेत: ज्यांना पेन्शन नाही अशा ६५ वर्षांपुढील माजी सैनिकांना व विधवांना दरमहा ८,००० रुपये, दोन मुलांपर्यंत पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,००० रुपये, आणि दोन मुलींपर्यंत लग्नासाठी प्रत्येकी एक लाख रुपये. व्यावसायिक पदवी घेणाऱ्या पाल्यांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५००. बारावीला किमान ६० टक्के गुण लागतात. भावाच्या मुलीसाठी ही गोष्ट आत्ताच टिपून ठेवावी. सगळे अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर होतात व जिल्हा कार्यालयातून पडताळून पुढे जातात. पैसे घेऊन ‘वरून’ मंजूर करून आणणारा कोणी या साखळीत नसतो. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या सुमारास निधीच्या नावाने क्यूआर कोड पाठवणारे मात्र असतात. वर्गणी द्यायची ती जिल्हा कार्यालयात पावती घेऊनच द्यावी.

भावाविषयी मला वडिलांपेक्षा जास्त चिंता वाटते. वडिलांचे फार तर काही हजार जातील. भावाच्या हातात ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, रजेचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रुप इन्शुरन्स असे आयुष्यातले सर्वांत मोठे घबाड एकाच महिन्यात येणार आहे, आणि ते येणार हे पंचक्रोशीला ठाऊक असते. त्याला फसवायला अनोळखी माणूस येणार नाही. त्याच्याच पलटणीतला, त्याच्याआधी दोन वर्षे निवृत्त झालेला कोणी नवी गाडी घेऊन घरी येईल, ‘रामराम साहेब’ म्हणेल आणि महिन्याला पाच टक्के परतावा देणाऱ्या शेअर ट्रेडिंगच्या कंपनीची माहिती देईल. तो मुद्दाम फसवतो असेही नाही. त्याचे स्वतःचे पैसे आत असतात आणि पहिले काही हप्ते त्याला खरेच मिळालेले असतात, फक्त ते मागून आलेल्यांच्या पैशांतून दिलेले असतात. लष्करात शेजारच्या खंदकातल्या माणसावर जीव सोपवायची सवय लागते, आणि या धंद्यातले लोक त्याच सवयीवर पैसे कमावतात. भावाने दोन प्रश्न विचारावेत: शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडील नोंदणी क्रमांक काय आणि ठेवी स्वीकारण्याची परवानगी कोणाची? रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर अशा संस्थांची तपासणी करता येते. पैसे अडकलेच तर १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, पण त्याखाली मालमत्ता जप्त होऊन हाती रक्कम येईपर्यंत अनेक वर्षे जातात.

एक व्यावहारिक अडचण अशी की ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिच्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ती सैन्यदलांतील निवृत्तांना ५० व्या वर्षापासून खुली आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होणारा हवालदार तिच्यात बसत नाही. त्याने पहिले वर्षभर रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीत आणि डाकघराच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवून, घर, कर्ज व मुलांची फी यांचा हिशेब बसल्यावरच पुढचा विचार करावा. व्याज कमी वाटेल. वाटू द्यावे.

नोकरीसाठी त्याने निवृत्तीनंतर लगेच जिल्हा कार्यालयात नाव नोंदवावे. राज्य शासनाच्या गट क व गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयात सैन्यसेवेचा काळ अधिक तीन वर्षे इतकी सूट मिळते. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये १४.५ व गट ड मध्ये २४.५ टक्के जागा राखीव असतात. सुरक्षारक्षक म्हणून काम हवे असेल तर माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आणि संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय हे सरळ मार्ग आहेत. गणवेश, प्रशिक्षण किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून नोकरीआधीच पैसे मागणारी एजन्सी, तसेच महासंचालनालयाच्या नावाने पेट्रोल पंप किंवा गॅस एजन्सी ‘राखून ठेवण्यासाठी’ आगाऊ रक्कम मागणारे पत्र, ही दोन्ही सरळ पोलिसांकडे न्यावीत.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात माजी सैनिक गिऱ्हाईक नसून मुखवटा असतो. जुन्या गाड्या-फर्निचर विकण्याच्या संकेतस्थळांवर ‘मी फौजी आहे, बदली झाली आहे’ असे सांगून कॅन्टीन कार्डाचा (लष्करी कॅन्टीनमधून सवलतीत खरेदीसाठी मिळणाऱ्या कार्डाचा) फोटो पाठवणारे आणि आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होणारे लोक आपण ऐकले असतील. ते कार्ड बहुतेक वेळा कोणा खऱ्या सैनिकाचे असते. म्हणून कॅन्टीन कार्ड, ओळखपत्र व गणवेशातील छायाचित्र कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नये, आणि स्वस्तात गाडी हवी म्हणून नातेवाइकांना आपले कार्ड वापरू देऊ नये. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती दाखवणाऱ्या फोनचे उत्तर तर आणखी सोपे आहे: भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूदच नाही, तेव्हा फोन ठेवून द्यावा.

आता कामाचा क्रम. या आठवड्यात फोन, बँक व आधार यांची कामे उरकावीत. येत्या बाजाराच्या दिवशी वडिलांना घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सोबत डिस्चार्ज बुक, जुना व नवा पीपीओ, सुधारित पीपीओ निघाला असल्यास तो, दोघांचे आधार, आईचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका सापडली तर ती, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती न्याव्यात. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती ठेवून येऊ नये, अगदी ओळखीच्या साहेबांच्याही नाही. ते हरवल्यावर दुसरी प्रत मिळवताना किती काळ जातो हे मला रेकॉर्ड ऑफिसातल्या खुर्चीवरून माहीत आहे. आईच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज स्पीड पोस्टाने नाशिकला पाठवावा, आणि अर्जावर तसेच पाकिटावर वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा व पूर्ण नाव ठळक लिहावे. नंबर नसलेले पत्र रेकॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलावर द्यायचे हेच कोणाला कळत नाही.